बक्कलाचे सँडल

“हा केवढ्याला?” आप्पांनी पंधरा इंची मॉनिटरच्या डोक्यावर टिचकी मारत विचारलं.

आम्हाला हवा होता सतरा इंची. तो शेजारीच मांडला होता, आणि त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही असं आप्पांनी मला रिक्षात दोनदा बजावलं होतं. म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी होते. फेब्रुवारीतल्या सगळ्या एकादशा आणि चतुर्थ्या माझ्या पाठ झाल्या.

“काका, त्यापेक्षा हा मोठा बघा ना,” दुकानदार मुजावर म्हणाला. तरणाताठा पोरगा, डिप्लोमा करून कऱ्हाडातच दुकान टाकलेलं. “वहिनींना पुस्तकाची पानं लावायची म्हणता. ह्यात पान पूर्ण दिसतं.”

“मोठा कशाला? वीज खातो. सूनबाई, तुला कसा वाटतो गं?”

“बरा आहे,” मी कॅलेंडरला सांगितलं. हे उत्तरही रिक्षातच ठरलं होतं. आवडलेल्या वस्तूला ‘बरी’ म्हणायचं, न आवडलेलीला ‘छान’.

आप्पा म्हणजे माझे सासरे, जनार्दन पोरे. एसटी डेपोत बत्तीस वर्षं स्टोअरकीपर. रिटायर झाले आणि आमच्या कॉलनीचं सगळं खरेदीखातं त्यांनी न मागता डोक्यावर घेतलं. कॉलनीत कोणाचा फ्रिज, कोणाचा टीव्ही, कोणाची इस्त्री आप्पांना बरोबर नेल्याशिवाय घरात यायची नाही. आणि खोटं कशाला बोलू, माणसाला कळत होतं. नवं मॉडेल आलं की आठ दिवस थांबून जुनं मागायचं, कारण जुन्यात खोट नसते, फक्त त्याचं कौतुक संपलेलं असतं. वर फुकट काय देतोस हे आधी विचारायचं नाही, नाहीतर तो इस्त्री देतो आणि फ्रिजमध्ये वसूल करतो. काचेत मांडलेला पीस घ्यायचा तर तो किती महिने चालू होता ते दुकानदाराला नाही, झाडलोट करणाऱ्या बाईला विचारायचं. आणि सगळ्यात शेवटी, बिघडलं तर घरी कोण येणार, त्याचं नाव काय आणि तो राहतो कुठे. ‘कंपनीचा माणूस येईल’ असं उत्तर मिळालं की आप्पा उठायचे.

उठायचे, आणि मग सँडल घालायचे. खरी गंमत तिथंच होती.

आप्पांकडे खरेदीचे म्हणून वेगळे सँडल होते. तपकिरी, चामड्याचे, दोन्ही पायांना जाडजूड बक्कल. एरवी कधी पायात नसायचे. दुकानात शिरताना ते दाराबाहेर काढायचे. कॉम्प्युटरच्या दुकानात त्या काळी धूळ नको म्हणून सगळ्यांनाच चपला काढाव्या लागत, ते ठीक. पण आप्पा मिक्सरच्या दुकानातसुद्धा काढायचे. “लक्ष्मीचं ठिकाण आहे,” असं म्हणून नमस्कार करायचे. दुकानदाराला वाटायचं, काय सज्जन माणूस! त्याला काय ठाऊक, हे सगळं नंतर सँडल परत घालता यावेत म्हणून चाललंय!

कारण भाव अडला की आप्पा म्हणायचे, “बरं, येतो.” बाहेर येऊन पायरीवर एक पाय ठेवायचे आणि डावं बक्कल लावायला घ्यायचे. सावकाश. मग उजवं. उजवं लावून झालं तरी हाक आली नाही, तर ते सोडून एक भोक घट्ट करायचे. “माणसाचं मन पालटायला तेवढा वेळ लागतो,” ते सांगायचे. “पटकन निघून गेलास तर तो हाक कोणाला मारणार?” आणि हाक यायचीच. मी लग्न होऊन आल्यापासूनच्या तीन वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

आता माझं सांगते. लग्नाआधी पाच वर्षं मी कोर्टाबाहेर छत्रीखाली बसून टायपिंग करायचे. मराठी टाइपरायटरवर माझी बोटं अशी चालायची की वकील लोक येऊन नुसते बघत उभे राहायचे. त्या पाच वर्षांचे साठवलेले सव्वीस हजार एका पाकिटात होते, आणि ते पाकीट मी स्वतःच्या हातांनी आप्पांच्या हवाली केलं होतं. गावातले छापखानेवाले रायबागकर मला म्हणाले होते, “घरी मशीन घ्या, हायस्कूलच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका देतो. तीनशे पानं. काम आवडलं तर पुढचंही तुमचंच.” पण त्यांना एकदा एका पठ्ठ्याने मशीन आहे सांगून फसवलं होतं. त्यामुळे मशीन डोळ्यांनी बघितल्याशिवाय हस्तलिखित देणार नाही, असा त्यांचा हट्ट. शेवटची तारीख शुक्रवार, दुपारी चार. नाहीतर गठ्ठा कोल्हापूरला जाणार होता.

आणि त्या दिवशी गुरुवार होता. संध्याकाळचे सात.

तुम्ही म्हणाल, इतक्या टोकाला कशाला आणलं? अहो, मी आणलं का? तीन महिने आम्ही फिरत होतो. सातारा झालं, कोल्हापूर झालं, पुण्याला कॉम्प्युटरवाल्यांच्या तपकीर गल्लीत दोनदा जाऊन आलो. दर वेळी आप्पांचं एकच, “उतरतायत गं भाव. पंधरा दिवस थांब.” पंधरा दिवसांनी भाव खरंच उतरलेला असायचा, की पुन्हा पंधरा दिवस. “आप्पा, असंच थांबलो तर शेवटी फुकट मिळेल बघा,” मी एकदा म्हटलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, “फुकट नाही, पण पंचविसापर्यंत येईल.” माझा नवरा दिगंबर साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. गळीत हंगामात तो घरी फक्त झोपायला यायचा, त्याला काय विचारणार! आणि हळूहळू माझ्या मनात यायला लागलं, की ह्यांना सुनेनं कामाला लागायलाच नको असावं. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून ही सगळी दुकानं.

मुजावरने अख्ख्या मशीनला अठ्ठावीस हजारांपासून सुरुवात केली आणि सत्तावीसवर येऊन थांबला. मॉनिटर सतरा इंची, मराठी फॉन्ट घालून, बिघडलं तर तो स्वतः येणार. तो शनिवार पेठेत राहतो हेही आप्पांनी काढून घेतलं.

“सव्वीस,” आप्पा म्हणाले.

“काका, नाही हो परवडत. आईशप्पथ.”

“बरं. येतो मग. चल सूनबाई.”

मी निवांत होते. नाटक मला पाठ होतं. आम्ही बाहेर आलो, आप्पांनी पायरीवर पाय ठेवला, बक्कलाला हात घातला आणि “आई गं!” असं कळवळले.

दोन दिवसांपूर्वी पाण्याची टाकी हलवताना त्यांची कंबर धरली होती. वाकवेना. चेहरा पार पिळवटलेला. मला काही सुचलं नाही. मी खाली बसले आणि दोन्ही बक्कलं लावून टाकली.

पाच वर्षं टाइपरायटरवर चाललेली बोटं ती. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. मी वर बघितलं तर आप्पा माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या घराला आग लावली असती तरी त्यांनी असं बघितलं नसतं.

“झालं?” ते म्हणाले.

“झालं,” मी म्हटलं, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आत फोन वाजला होता. मुजावर आमच्याकडे पाठ करून बोलत होता. आप्पांना आता उभं राहायला कारणच उरलं नव्हतं. ते एक पायरी उतरले. थांबले. दुसरी उतरले. कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत आम्ही वरातीच्या चालीने गेलो. हाक आली नाही.

“आप्पा, परत जाऊ या.”

“नाही. उतरलेली पायरी परत चढायची नसते. उद्या तो अठ्ठावीस सांगेल.”

“सांगू दे! उद्या चार वाजता रायबागकर येणार आहेत!”

“दुसरं दुकान बघू.”

“दुसरं कुठलं राहिलंय?” माझा आवाज रस्त्यावर चढला. “तुम्हाला मी कॉम्प्युटर घ्यायलाच नकोय. तसं सरळ सांगा ना! मी काय भांडले असते? उगाच तीन महिने फिरवलंत मला.”

सासऱ्यांशी मी असं कधी बोलले नव्हते. आप्पांनी रिक्षासुद्धा केली नाही. कंबर धरून माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिले, घरापर्यंत.

घरी मी कणीक मळता मळता रडले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“अगं, ती बक्कलं कशाला लावलीस? चाळीस वर्षांत मी एकदा लावली नाहीत.”

“त्यांना वाकवत नव्हतं हो, आई.”

“मग अजून चांगलं होतं की! अर्धा तास लागला असता. दुकानदार तांब्या घेऊन बाहेर आला असता.” मग माझ्याकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. “माझा मिक्सर अकरा महिन्यांनी आला. तोवर वाटण पाट्यावर. मीसुद्धा बोलले होते एकदा. माणूस वाईट नाही गं. सवय वाईट.”

त्याने माझं समाधान झालं नाही. उद्या चारची वेळ टळली की कोर्टाबाहेरची छत्रीही नाही आणि तीनशे पानंही नाहीत, एवढंच मला दिसत होतं.

सकाळी उठले तर आप्पा घरात नव्हते. “कमरेला मलम आणायला गेलेत,” सासूबाई म्हणाल्या. मी सव्वादहापर्यंत वाट बघितली. मग घरखर्चातले पाचशे रुपये मुठीत धरले, भाजीची पिशवी काखेत मारली, “मंडईत जाऊन येते” असं सांगितलं आणि थेट मुजावरचं दुकान गाठलं. पाचशे ॲडव्हान्स देऊन मशीन आज घरी पाठवायला सांगायचं, बाकीचं आप्पांशी भांडून बघू, असं मी ठरवलं होतं.

सतरा इंची मॉनिटर जिथे होता ती जागा रिकामी होती. खाली धुळीचा चौकोन तेवढा दिसत होता.

“गेला तो,” मुजावर म्हणाला.

“कुठं गेला?”

“विकला, वहिनी. साडेनऊला. दुसरा आता पुण्याहून मागवावा लागेल. चार दिवस.”

मी तिथल्याच खोक्यावर बसले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळे कुठं ऐकतात? मुजावरची भलतीच धांदल उडाली. त्याने पाणी आणलं, पंखा माझ्याकडे फिरवला, दोनदा तोंड उघडून मिटलं.

“वहिनी, मी शब्द दिलाय हो,” तो शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला.

“कोणाला?”

“आप्पा काकांना! दुकान उघडायच्या आधी येऊन शटरपाशी उभे होते. पायात निळ्या स्लिपर.”

“स्लिपर?”

“बाथरूममधल्या असतात ना, त्या. मी पण बघतच राहिलो. त्यांच्या बक्कलाचं मला माहिताय, वहिनी. बाजारात सगळ्यांनाच माहिताय. आम्ही पण हिशेबानं थांबतो, डावं झालं, आता उजवं होऊ दे, मग हाक मारू. काल फोन ठेवून वळलो तर पायरी रिकामी! मी कोपऱ्यापर्यंत येणार होतो, पण म्हटलं काका आज खरंच रागावले.”

माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

“मी म्हटलं, काका, थांबला असता तर साडेसव्वीसला देणार होतो, तेवढेच द्या. तर म्हणाले, पाचशे तुझ्याकडेच ठेव, पण माणूस आत्ता पाठव आणि चारच्या आत चालू करून दे. पाकिटातले सव्वीस दिले, वरचा हजार स्वतःच्या खिशातनं काढला. मला म्हणाले...” मुजावर अडखळला. “म्हणाले, ‘सूनबाई काल मला बोलली. बरोबर बोलली. तिच्या पाच वर्षांच्या घामाचे पैसे आहेत, त्यातला एक रुपया वाया जाऊ नये म्हणून मी फिरत राहिलो, आणि तिचं कामच घालवायला निघालो होतो.’”

मी पदराने तोंड पुसलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या पोराकडे बघवेना.

“आणि शब्द कसला दिलायस?”

“की सत्तावीस दिले हे कोणाला सांगायचं नाही. तुम्हाला तर अजिबात नाही. आज त्यांनी घासाघीस केली ती तेवढीच.”

घरी आले तर ओटीवर खोकीच खोकी. मुजावरचा माणूस टेबलाखाली शिरून वायरी जोडत होता. दाराशी बक्कलाचे सँडल, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे मधोमध मांडून ठेवलेले. निळ्या स्लिपर दाराआड ढकललेल्या, रस्त्याच्या मातीने भरलेल्या.

“ये ये!” आप्पा खुर्चीतून म्हणाले. “बघ, आला तुझा कॉम्प्युटर.”

“अगंबाई! कितीला पडला?”

“सव्वीस. वर हे झाकायचं कव्हर.” त्यांनी प्लास्टिकचं कव्हर उचलून दाखवलं. “मी तर तिकडनं नुसता चाललो होतो, मलम आणायला. मला बघून मुजावर दुकानातून धावत आला. काका, चुकलो म्हणाला. तरी मी दोन वेळा उठलो. दुसऱ्या वेळी तर उजवं बक्कल लावून झालं होतं, तेव्हा कुठे कबूल झाला.”

टेबलाखालचा माणूस खोकला.

“आप्पा, तुमच्यापुढे कोणाचं चालतंय!” मी म्हटलं. माझा आवाज जरा चिरकला, पण त्यांनी तो आनंदाचा समजला असावा.

चारला पाच मिनिटं असताना रायबागकर आले. मी त्यांच्यासमोर बसून अर्धं पान टाइप केलं. पडद्यावर अख्खं पान दिसत होतं. ते चष्मा वर करून वाकून बघत राहिले आणि हस्तलिखिताचा गठ्ठा त्यांनी स्वतःच्या हातांनी टेबलावर ठेवला.

“पानाला आठ रुपये देईन,” ते म्हणाले. मी “हो” म्हणायला तोंड उघडलं.

“दहा,” आप्पा खुर्चीतून म्हणाले.

“नाही परवडत हो, पोरे. कोल्हापूरवाला साडेसातला करतो.”

“बरं,” आप्पा म्हणाले, आणि उठले.

आता स्वतःच्या घरातून माणूस उठून जाणार कुठं? पण आप्पा कमरेवर हात ठेवून दारापर्यंत गेले, उंबऱ्यावर टेकले आणि त्यांनी डावा सँडल ओढून घेतला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. सांगायची गरजच नव्हती. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

डावं बक्कल. आप्पा कण्हले. रायबागकरांनी गठ्ठ्याकडे बघितलं, मग पडद्यावरच्या पानाकडे, मग घड्याळाकडे. उजवं बक्कल. ते लागेना. सुटलं. पुन्हा धरलं.

“अहो पोरे, बसा, बसा! दहा तर दहा,” रायबागकर म्हणाले.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. रायबागकरांचं काम मी अकरा वर्षं केलं, पुढे स्वतःचा छोटा छापखाना टाकला. लॅपटॉप घ्यायचा, टीव्ही घ्यायचा म्हटलं की कॉलनीतली पोरं आता मला विचारायला येतात. मी आप्पांचंच सगळं सांगते, जुनं मॉडेल, काचेतला पीस, बिघडलं तर कोण येणार. आणि शेवटी विचारते, कधीपर्यंत हवंय? उद्या हवं असेल तर म्हणते, जा आणि घेऊन ये. आप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांनी सव्वीसला कॉम्प्युटर आणला ही गोष्ट कॉलनीत अजून सांगतात. मी कोणाची चूक काढलेली नाही.

पण त्या संध्याकाळचं राहिलं.

रायबागकर गेले. आप्पा सँडल काढायला वाकले, तर पुन्हा कंबर भरली. मी पुढे झाले, खाली बसले आणि बक्कल सोडायला घेतलं. ह्या वेळी सावकाश.

“सूनबाई,” ते हळूच म्हणाले, “सकाळी कुठं गेली होतीस गं?”

“मंडईत. भाजीला.”

त्यांनी खुंटीवरच्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं. मीही बघितलं. पिशवीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

“मग भाजी कुठाय?”

“भाव पटला नाही,” मी मान खालीच ठेवून म्हटलं. “आले निघून.”

“हाक मारली नाही त्यानं?”

“मारली असेल. माझ्या चपला साध्या, नुसत्या सरकवायच्या. तोवर मी कोपऱ्यावर.”

आप्पांचं पोट हलायला लागलं आणि मला कळलं की ते हसतायत. कंबर दुखत होती तरी हसत होते, आणि माझे हात त्यांच्या सँडलवर असतानाच माझे डोळे पुन्हा भरून आले.

“चुकलेच मी काल, आप्पा,” मी म्हटलं.

“छे. बक्कल तेवढं चुकलं,” ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तुला एक जोड घ्यायला पाहिजे. बक्कलाचा. उद्याच जाऊ.”

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. पहिल्याच दुकानात माझ्या पायाला बरोबर बसले ते सँडल आप्पांनी दुकानदाराने सांगितलेल्या भावाला घेतले, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, “घरी सांगताना तीस रुपये कमी सांग.”